दोन इंजिनांच्या मोटरबोटीला पंखे कोणते घ्यावेत?

खानदेशच्या केळी-कापसाच्या मुलखात बोटी कुठल्या, असं पुण्या-मुंबईचे लोक विचारतात. त्यांना अक्राणी-अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठी घेऊन जावं. सरदार सरोवराचं पाणी चढलं की तिथल्या कित्येक पाड्यांना बोटीशिवाय वाट नाही. दवाखानासुद्धा पाण्यावरून येतो. इकडे तापीवर प्रकाशा आणि सारंगखेड्याचे बॅरेज, वर हतनूरचं धरण, आणि चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम. मच्छीमार, प्रवासी बोटी, पुरात धावणारी बचाव पथकं, सगळ्यांचंच पोट किंवा जीव इंजिनामागच्या पंख्यावर आहे.

पण बोट घेताना चर्चा होते ती इंजिनाची. किती घोडे, टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक, नवं की जुनं. पंखा म्हणजे प्रोपेलर, तो इंजिनासोबत आला तसाच लागतो. मग डझनभर माणसं, गव्हाची पोती आणि एक मोटरसायकल चढली की बोट नाक वर करून पाणी ढकलत बसते आणि मालक म्हणतो, इंजिनात दम नाही. बहुतेक वेळा इंजिन ठणठणीत असतं, त्याच्या गळ्यात न पेलणारा पंखा बांधलेला असतो. दोन इंजिनं असली की हा घोळ दुप्पट होतो, कारण तिथे पंखे जोडीनं निवडावे लागतात, आणि एक इंजिन बंद पडेल त्या दिवसाचाही विचार आधीच करावा लागतो.

आधी पाणी आणि वजन

कागद घ्या आणि दोन गोष्टी लिहा. बोट रोज कुठल्या पाण्यात चालणार, आणि तिच्यावर नेहमीचं वजन किती असणार. दर वेळी माल वाहणारी बोट रिकाम्या बोटीच्या वेगावरून तोलू नका.

नर्मदेच्या बॅकवॉटरची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. पावसाळ्याअखेर पाणी खोऱ्याखोऱ्यांत शिरतं, खोली भरपूर, अडथळा कमी. उन्हाळ्याकडे पातळी उतरते तशी बुडालेल्या झाडांची खोडं आणि टेकड्यांचे खडक पृष्ठभागाच्या जवळ येतात. डिसेंबरात मोकळी असलेली वाट मे महिन्यात पंख्याचं पातं खाऊन टाकते. हतनूरची गोष्ट वेगळी, तिथे गाळ. उथळ पाण्यात पंखा चिखल घुसळतो, पात्यांच्या कडा झिजतात. आणि तापीच्या साचलेल्या पाण्यात जलपर्णी, मच्छीमारांची नायलॉनची जाळी, पहिल्या पुरात वाहून आलेली केळीची खोडं. केळीच्या खोडाचा वाख शाफ्टला, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याला, गुंडाळला गेला की सुरीनं कापूनच काढावा लागतो.

पंख्यावरचे आकडे

पंख्याच्या बुशावर, म्हणजे मधल्या नळीवर, किंवा पात्याच्या मुळाशी दोन आकडे ठोकलेले असतात, उदाहरणार्थ ११ × १३. पहिला व्यास, इंचांत. दुसरा पिच, तोही इंचांत. एका फेऱ्यात पंखा घन पदार्थातून स्क्रूसारखा पुढे गेला असता तर जितकं अंतर कापेल तो पिच. ट्रॅक्टरच्या गिअरसारखंच हे. काळ्या मातीत नांगर ओढायचा तर खालचा गिअर, म्हणजे कमी पिच. डांबरी रस्त्यावर रिकामी ट्रॉली पळवायची तर वरचा, म्हणजे जास्त पिच.

व्यासाशी सहसा खेळायचं नसतं. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या, इंजिनाच्या गिअरकेसवरून (खालच्या गिअरच्या पेटीवरून) तो जवळपास ठरलेला असतो, आणि त्याच मालिकेत पिच वाढत गेला की व्यास थोडा कमी होत जातो. तुमच्या हातात असतात ते पिच, पात्यांची संख्या आणि धातू.

जुन्या पंख्यावरचे आकडे झिजून गेले असतील तर पिच घरी मोजता येतो. सपाट फरशीवर कागद पसरा आणि पंखा बुशाच्या तोंडावर उभा ठेवा. केंद्रापासून टोकापर्यंतच्या अंतराच्या साधारण ७० टक्क्यांवर पात्यावर खडूनं खूण करा. त्या खुणेच्या रेषेत पात्याची पुढची आणि मागची कड फरशीपासून किती उंच आहे ते गुण्यानं मोजा. एकातून दुसरं वजा करा. मग दोन्ही कडा सरळ खाली कागदावर उतरवा, केंद्रापर्यंत रेघा ओढा आणि त्यांतला कोन कोनमापकानं घ्या. उंचीतल्या फरकाला ३६० नं गुणा, कोनानं भागा. फरक २ इंच आणि कोन ६० अंश आला तर पिच १२. हेच तिन्ही पात्यांवर करा. एक पातं वेगळं बोललं तर तो पंखा वाकलेला आहे, आणि वाकलेल्या पंख्यावर घेतलेली कुठलीही चाचणी फुकट.

खरी कसोटी आरपीएमची

प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, किती ते किती असावेत हे दिलेलं असतं. बऱ्याच फोर स्ट्रोक आउटबोर्डना ५,००० ते ६,०००, कित्येक कामाच्या टू स्ट्रोकना ४,५०० ते ५,५००. तुमच्या इंजिनाचा आकडा पुस्तिकेतूनच घ्या, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नको.

नेहमीच्या वजनासह पूर्ण थ्रॉटल दिल्यावर आरपीएम या पट्ट्याच्या मधल्या-वरच्या भागात आले पाहिजेत. खालच्या टोकालाही पोचले नाहीत तर पिच जास्त आहे. इंजिन ओझ्याखाली रडतं, पेट्रोल जास्त पितं, आतून तापतं. वरची मर्यादा ओलांडली तर पिच कमी आहे, इंजिन मोकळं किंचाळतं. पिच १ इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, १ इंच वाढवला की तितकेच उतरतात.

भरलेल्या बोटीला योग्य पिच रिकाम्या बोटीला कमी पडतो, हे होणारच. दोन्हीत बसणारा पंखा सापडला नाही तर मी भरलेल्या बोटीची बाजू घेईन. रिकाम्या बोटीचा थ्रॉटल हातानं आवरता येतो, भरलेल्या बोटीत घोडे हातानं घालता येत नाहीत.

चाचणी अशी घ्या

दोन्ही इंजिनांना चालू आरपीएम मीटर हवाच. एकच मीटर असेल तर चाचणीपुरता दुसरा उसना आणा. वेगासाठी मोबाइलमधला जीपीएस पुरतो. वजनाला माणसं बसवू नका, वाळूची पोती किंवा पाण्याचे ड्रम बांधून ठेवा आणि नेहमी जिथे माणसं बसतात तिथेच ठेवा, कारण वजन पुढे-मागे झालं की निकाल बदलतो. टाकी अर्धी भरलेली. बुड घासून स्वच्छ केलेलं. शेवाळ धरलेल्या बोटीवर पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही.

शक्य असेल तर ही चाचणी उन्हाळ्यात घ्या. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद थोडी उतरते. जानेवारीच्या थंडीत पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला जेमतेम पोचणारी बोट मे महिन्यात कमी पडेल. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची मात्र आपल्याकडे काळजी नको, तापी-नर्मदेचं पाणी तेवढ्या उंचावर नाहीच.

सरळ, वारा नसलेला पट्टा निवडा. जाताना एकदा, येताना एकदा, दोन्हीची सरासरी. वाहत्या तापीत हे केलं नाही तर प्रवाहाचा वेग पंख्याच्या नावावर जमा होतो. वेग स्थिर झाल्यावरच आकडे लिहा, आणि दोन्ही इंजिनांचे वेगवेगळे लिहा.

आता हिशेब. समजा, ४० घोड्यांची दोन टू स्ट्रोक इंजिनं, गिअरचं प्रमाण २ (इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक), पट्टा ४,५०० ते ५,५००, पंखे १३ पिचचे. भरलेल्या बोटीत दोन्ही ४,७०० वर थांबली आणि वेग ताशी ३५ किलोमीटर मिळाला. सूत्र असं: आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअरचं प्रमाण, भागिले ६५६. उत्तर ताशी ४६.६ किलोमीटर, म्हणजे पाणी सरकलं नसतं तर मिळाला असता तो वेग. मिळाले ३५. फरक जवळपास २५ टक्के, ही घसर, म्हणजे स्लिप. हलक्या, पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीला ती १० ते १५ टक्के असते, माल-प्रवासी वाहणाऱ्या बोटीला २० ते ३० ही काही वाईट नाही. शून्य घसर कधीच नसते. तुमचं उत्तर शून्याच्या खाली आलं तर गिअरचं प्रमाण किंवा पिच चुकीचा धरला आहे.

इंजिन पट्ट्यात आहे, पण खालच्या टोकाला. मला ते ५,१०० च्या आसपास हवं. म्हणजे ४०० वाढवायचे, म्हणजे २ इंच पिच कमी, ११ चा पंखा. वेग ताशी एखाद-दोन किलोमीटर कमी-जास्त होईल, पण बोट पाण्यावर लवकर उचलेल आणि इंजिनाचा श्वास मोकळा होईल. मालक लोक इथेच अडतात. वरच्या वेगाचा आकडा वाढला नाही तर पैसे वाया गेले असं त्यांना वाटतं. धडगावच्या दऱ्यांत वळणावळणानं माल नेणाऱ्या बोटीनं वरचा वेग धरून काय करायचं?

जोडीचा हिशेब

एका इंजिनाच्या बोटीला त्याच ताकदीचं दुसरं इंजिन लावलं आणि जुनाच पिच ठेवला, तर आरपीएम वर पळतात. ओझं दोघांत वाटलं जातं, घसर कमी होते. साधारण १ ते २ इंच जास्त पिच पेलतो. किती ते चाचणीच सांगेल.

दोन्ही पंखे एकाच मालिकेचे, एकाच व्यासाचे, पिचचे आणि पात्यांचे हवेत. एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसरीकडे स्टील, किंवा एक तीन पात्यांचा आणि एक चार, असली जोडी लावलेल्या बोटी मी पाहतो. त्यातलं एक इंजिन नेहमी जास्त राबतं आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढत राहतं.

यानंतर फिरण्याची दिशा. बोटीच्या मागे उभं राहून पुढे पाहा. पुढच्या गिअरमध्ये घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो तो उजवा पंखा, उलट फिरतो तो डावा. हातात घेऊनही ओळखता येतो: बुशावर उभा ठेवून बाजूनं पाहिलं की उजव्या पंख्याचं पातं खाली डावीकडून वर उजवीकडे चढतं. मोठ्या जोड-इंजिनात एक उजवं आणि एक डावं असतं, म्हणजे दोघांची ओढ एकमेकांना मारते आणि बोट सरळ चालते. आउटबोर्डमध्ये नेहमीची मांडणी अशी की उजव्या बाजूच्या इंजिनाला उजवा पंखा आणि डाव्या बाजूच्या इंजिनाला डावा. दोन्ही वरून बाहेरच्या बाजूला फिरतात. एक पुढे आणि एक मागे टाकून बोट जागच्या जागी फिरवायची झाली तर ही मांडणी मदत करते.

लहान इंजिनांत, म्हणजे ४०-६० घोड्यांच्या, उलट फिरणारं गिअरकेस सहसा मिळतच नाही. मग दोन्ही उजवे पंखे लावायचे, त्यात बिघडत काही नाही. स्टिअरिंगला थोडी ओढ जाणवेल आणि बोट एका बाजूला चटकन वळेल, दुसरीकडे जरा आळसावेल. पंख्याच्या वरच्या पट्टीखाली छोटी फिरवता येणारी पंखोळी असते. बोट डावीकडे ओढत असेल तर तिचं मागचं टोक डावीकडे वळवा, उजवीकडे ओढत असेल तर उजवीकडे. दोन्ही इंजिनांवर सारखं.

एक जुगाड मात्र अजिबात करू नका. साध्या आउटबोर्डला डावा पंखा लावून रिव्हर्स गिअरवर बोट पुढे पळवायची, म्हणजे जोडी उलटसुलट झाली, असं सुचवणारे मिस्त्री भेटतात. त्या गिअरकेसचं बेअरिंग पुढच्या जोरासाठी बनवलेलं असतं. रिव्हर्सवर तासन्‌तास चालवलं तर पंख्याचे वाचवलेले पैसे गिअरकेसमध्ये जातात.

दोन इंजिनांचे आरपीएम जुळत नसतील तर आधी पंख्यांची अदलाबदल करून पाहा (दोन्ही उजवे असतील तरच). कमी आरपीएम पंख्याबरोबर दुसऱ्या बाजूला गेले तर पंखा दोषी. इंजिनाजवळच राहिले तर इंजिन, त्याचं थ्रॉटल केबल किंवा तो मीटरच तपासा. तासाभराच्या या कामात पुष्कळ भांडणं मिटतात.

पंखा हवा ओढत असेल, म्हणजे वळणावर आरपीएम एकदम उसळून जोर नाहीसा होत असेल, तर नवा पंखा मागवण्याआधी इंजिनाची उंची पाहा. व्ही आकाराच्या बुडाच्या बोटीत दोन इंजिनं मध्यापासून बाजूला बसतात, तिथे बुड मध्यापेक्षा वर असतं. पंख्यावरची पट्टी तिच्या सरळ पुढच्या बुडाशी साधारण समपातळीत हवी. मधल्या कण्यावरून माप घेतलं तर ते चुकतं. हवेशी झुंजायला कड वळवलेली पाती, ज्याला कप म्हणतात, उपयोगी पडतात. मात्र कप असलेला पंखा थोडा जास्त पिच असल्यासारखा वागतो, हिशेबात धरा.

एक इंजिन बंद पडलं तर

दोन इंजिनं घेण्याचं मोठं कारण हेच, आणि पंखा निवडताना हेच विसरलं जातं. दोघांनी मिळून पेलायचा पिच एकट्याला जड होतो. उरलेलं इंजिन पट्ट्याच्या खाली अडकतं आणि घाबरलेला चालक थ्रॉटल पूर्ण दाबून ठेवतो. पाच मिनिटं चालेल, तासभर चालवलं तर दुसरंही इंजिन जाईल.

म्हणून भरलेल्या बोटीत ही चाचणी मुद्दाम करा. एक इंजिन बंद करा आणि पाण्याबाहेर उचला, कारण पाण्यात राहिलेला मेलेला पंखा बोटीला मागे ओढतो. दोन इंजिनांना जोडणाऱ्या दांड्यामुळे काही बोटींत एकच इंजिन पूर्ण उचलता येत नाही. हे काठावरच कळू द्या. मग थ्रॉटल हळूहळू वाढवा. ज्या जागी आणखी उघडूनही वेग वाढत नाही, तिथे थ्रॉटलवर रंगानं खूण करा. एका इंजिनावर तीच मर्यादा. बोट पाण्यावर उचलली जाणार नाही, नांगर ओढणाऱ्या बैलाच्या चालीनं चालेल, पण चालेल. उलट्या वाऱ्यात पुढे सरकते का तेही पाहा. नसेल तर तुमचा पिच जास्त आहे, मग दोन इंजिनांवरचे आकडे कितीही देखणे असोत. रुग्ण किंवा शाळकरी मुलं नेणाऱ्या बोटीला मी १ इंच कमीच पिच सुचवेन.

पाती किती, धातू कोणता

तीन पाती हा साधा, स्वस्त, बहुतेकांना पुरणारा पर्याय. चार पाती पाणी घट्ट धरतात, जड बोट कमी वेगातही उचलून ठेवतात, थरथर कमी. वरचा वेग किंचित जातो. तीनवरून चारवर जाताना पिच १ इंच कमी घ्या, नाहीतर आरपीएम उतरतील.

खडक-खोडांच्या पाण्यात मी ॲल्युमिनियमच घ्यायला सांगतो. स्टीलची पाती पातळ, टणक, वेगाला चांगली, पण खडकावर आदळली की धक्का पुढे शाफ्टकडे आणि गिअरकडे जातो. ॲल्युमिनियमचं पातं वाकतं किंवा तुटतं आणि महागडा भाग वाचवतं. बुशातलं रबरही अशाच धक्क्याला सटकण्यासाठी असतं. इंजिन जोरात फिरतंय आणि बोट हलत नाही असं झालं तर आधी ते रबर पाहा. हतनूरच्या गाळात मात्र स्टीलच्या कडा जास्त टिकतात, तिथे निवड तुमच्या खिशावर.

वाकलेलं ॲल्युमिनियम गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे हातोडीनं सरळ करून घेणं घरी पोचण्यापुरतं ठीक. नंतर वर सांगितलेली कागद-कोनाची मोजणी करा आणि पंखा आडव्या गुळगुळीत सळईवर अडकवून फिरवा. दर वेळी तेच पातं खाली येऊन थांबत असेल तर तोल गेलेला आहे.

बोटीत आतल्या बाजूला बसवलेली दोन डिझेल इंजिनं असतील तर नियम तेच, फक्त व्यास तिथे निवडता येतो. संथ जड बोटीला मोठा व्यास, कमी पिच. टोक आणि बुड यांत व्यासाच्या किमान १० टक्के जागा ठेवा.

मागवणं आणि बसवणं

जळगाव-धुळ्याच्या बाजारात हे पंखे सहजी मिळत नाहीत, बाहेरून मागवावे लागतात. परत पाठवण्याचा खर्च पाहता आधीच सगळं लिहून पाठवा: इंजिनाचं पूर्ण मॉडेल, गिअरचं प्रमाण, शाफ्टवरच्या दात्यांची संख्या, सध्याचा व्यास-पिच, उजवा की डावा. जुन्या पंख्याच्या बुशाचा फोटोही पाठवा.

बसवताना आधी सुरक्षा दोरीची किल्ली काढा, बॅटरी तोडा, गिअर न्यूट्रलला. पातं आणि पट्टी यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवून नट सोडा. जुना वॉशर कुठल्या तोंडानं बसलाय त्याचा फोटो काढून ठेवा, तो उलटा बसला तर पंखा गिअरकेसवर घासतो. दात्यांना पाण्यात न धुपणारं ग्रीस लावा, नट पुस्तिकेतल्या जोरानंच आवळा, आणि स्प्लिट पिन दर वेळी नवी. जुनी पिन पुन्हा सरळ करून वापरू नका.

पंखा काढलाच आहे तर शाफ्टवर जाळ्याचा दोरा किंवा वाख गुंडाळलाय का पाहा. नायलॉनचा बारीक दोरा ऑइल सील कापतो, पाणी आत जातं आणि गिअर ऑइल ताकासारखं पांढुरकं होतं. तसं दिसलं तर सील बदलेपर्यंत बोट काढू नका.

बोटीत कायम सोबत ठेवायचं सामान: सुटा पंखा, नट, वॉशर, मूठभर स्प्लिट पिना, पाना, ठोकळा, सुरी. सुटा पंखा नेहमीच्यापेक्षा २ इंच कमी पिचचा ठेवला तर एका इंजिनावर लांब जायचं झालं तरी तोच चढवता येतो. दोन्ही इंजिनं उजवी असतील तर एक सुटा पंखा पुरे. जोडी उजवी-डावी असेल तर दोन लागतात, प्रत्येकी एक, आणि कुठला कुठला हे बुशावर रंगानं लिहून ठेवा, कारण बदलायची वेळ बहुधा संध्याकाळी, चिखलात उभं राहून येते.